शेफिल्डचा चाकू आणि त्याची किंमत

इंग्लंडमधील शेफिल्ड शहराच्या कटलर्स हॉलमध्ये, म्हणजे तेथील चाकू-सुऱ्या घडविणाऱ्यांच्या पुरातन श्रेणीच्या सभागृहात, ‘नॉरफोक नाइफ’ या नावाचा एक चाकू जपून ठेवलेला आहे. १८५१ साली लंडनच्या स्फटिकमहालात जे महाप्रदर्शन भरले त्यासाठी जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीने तो घडविला. त्याला ७५ पाती व हत्यारे असून मुठीवर शिंपल्याचे जडावकाम आहे, आणि त्याची सारी पाती खिशातल्या चाकूच्याच रीतीने मिटत असली तरी तो मावेल असा खिसा आजवर कोणत्याही शिंप्याने शिवलेला नाही.

हा चाकू कशाच्या उपयोगी पडला असे विचारणे अप्रस्तुत होय, कारण तो कापण्यासाठी केलेलाच नव्हता. परंतु त्याच पेढीने त्याच काळात खरोखर खिशात राहणारे असंख्य लहान चाकू जगभर विकले, आणि हल्ली एका मिटत्या चाकूसाठी काही हजार रुपये, क्वचित त्याहूनही पुष्कळ अधिक रक्कम मोजणारे हौशी लोक ज्या गुणांची नावे घेतात, म्हणजे उत्तम पोलाद, हाताची कारागिरी आणि नामांकित शिक्का, त्या तिन्हींची ख्याती या एका गावाच्या व्यापारात जशी एकवटली तशी अन्यत्र क्वचितच एकवटली असेल. म्हणून महाग चाकू आपल्या किमतीला जागतो की नाही, या प्रश्नाचा निवाडा दुकानाच्या गल्ल्यापाशी उभे राहून करण्यापेक्षा शेफिल्डचे जुने दफ्तर उघडून करणे मला अधिक सयुक्तिक वाटते. किमतीची फोड तेथे नीट सापडते, आणि तिच्यातला कोणता अंश कोणाच्या पदरात पडला हेही तेथे पुरेसे उघड दिसते.

शेफिल्ड हे यॉर्कशायरच्या दक्षिण अंगास डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली व रिव्हेलिन या पाच नद्यांच्या काठी वसलेले गाव. या नद्या लहान खऱ्या, पण उतारावरून वेगाने धावत येत असल्यामुळे पाणचक्की फिरविण्यास त्या एखाद्या रुंद व संथ नदीपेक्षा कितीतरी सोयीच्या. जवळच्या टेकड्यांत धारेच्या चाकांना लागणारा खरखरीत वालुकाश्म मुबलक, कोळशासाठी रान हाताशी आणि लोखंडाचे खनिजही फार दूर नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका गिरणीवाल्याच्या पायमोज्यात शेफिल्डचा चाकू खोचून ठेवला आहे, त्यावरून त्या काळीही गावाचे नाव सांगितल्यावर मालाविषयी अधिक बोलण्याची गरज उरत नसावी असे दिसते. १६२४ साली पार्लमेंटने कायदा करून तेथील कारागिरांच्या कंपनीला सनद बहाल केली. सात वर्षे उमेदवारी केल्यावाचून कोणी धंदा करू नये, प्रत्येकाने आपला शिक्का कंपनीच्या वहीत दाखल करावा आणि दरसाल एक मास्टर कटलर निवडला जावा, असा शिरस्ता त्यातून रूढ झाला. सव्वाशे-दीडशे वर्षे तो बऱ्यापैकी पाळलाही गेला. पुढे मालाला मागणी वाढली तसा तो सैल होत गेला आणि १८१४ साली नव्या कायद्याने धंद्याचे दार कोणालाही मोकळे झाले.

पोलादाची कथा यापेक्षा अधिक चित्तवेधक आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात शेफिल्डचे कारागीर जे पोलाद वापरीत ते स्वीडनमधून आलेल्या लोखंडाच्या कांबी कोळशाच्या भुकटीत दिवसेंदिवस तापवून तयार होई. कांबीच्या पृष्ठभागाशी कर्ब अधिक आणि गाभ्यात कमी, त्यामुळे एकाच पात्याचा काही भाग कठीण तर काही भाग मऊ निघे. डॉनकॅस्टरचा घड्याळजी बेंजामिन हंट्समन याला आपल्या घड्याळांच्या कमानींसाठी असे लहरी पोलाद परवडेना. १७४० च्या सुमारास तो शेफिल्डजवळच्या हँड्सवर्थ गावी येऊन राहिला आणि तेथे त्याने हेच पोलाद मातीच्या मुशीत घालून, दगडी कोळशापासून केलेल्या कोकच्या प्रखर भट्टीत पूर्ण वितळविण्याची युक्ती साधली. वितळलेल्या रसात कर्ब सर्वत्र सारखा मिसळला आणि पोलाद आद्यंत एकजिनसी झाले. शेफिल्डच्या कटलरांनी मात्र ते हाती घेण्याचे नाकारले. ते फार कठीण आहे, घणाला दाद देत नाही, अशी त्यांची तक्रार. हंट्समनने आपला माल फ्रान्सला धाडला, तेथील कारागिरांनी त्याचे चाकू केले, ते चाकू इंग्लंडात येऊन शेफिल्डच्या मालावर मात करू लागले, आणि मग हेच कटलर पार्लमेंटचे सभासद सर जॉर्ज सॅव्हिल यांच्याकडे या पोलादाच्या निर्यातीस मनाई करवून घ्यावी अशी फिर्याद घेऊन गेले असे सांगतात. सॅव्हिल यांनी ती मनावर घेतली नाही, आणि नाइलाज झाल्यावर शेफिल्डने हंट्समनचे पोलाद स्वीकारले. आज नव्या पोलादाचे नाव ऐकताच पैसे काढून ठेवणाऱ्या शौकिनांनी या प्रकरणाचा विचार अवश्य करावा. धंद्यातल्या जाणत्यांना चांगले पोलाद ओळखता येतेच असे नाही, आणि ओळखले तरी ते पत्करण्याची त्यांची तयारी असतेच असेही नाही.

मुशीत पोलाद करण्याची विद्या आपल्या दख्खनला व दक्षिणेला शेकडो वर्षे अवगत होती, हे येथे सांगितले पाहिजे. १७९४ साली मुंबईतील कंपनी सरकारच्या चाकरीतले डॉक्टर हेलिनस स्कॉट यांनी ‘वूट्झ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे रवाना केले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांचे रासायनिक परीक्षण करून पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला, आणि त्या परीक्षणासाठी लंडनचा नामांकित कटलर जेम्स स्टोडार्ट याने त्या पोलादाचा एक लहानसा चाकू घडवून दिला. ते त्याला इतके पसंत पडले की पुढे आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रकावर त्याने त्याची शिफारस केली, आणि १८१९ च्या सुमारास मायकेल फॅरडे यांच्या साहाय्याने पोलादाच्या मिश्रधातूंचे प्रयोग आरंभिले. त्यांतील काही मोठ्या प्रमाणावर करून पाहण्याचे काम शेफिल्डच्या भट्ट्यांकडे आले. आमच्या भट्ट्या थंडावत गेल्या त्याच काळात आमचे पोलाद विलायतेत अभ्यासाचा विषय झाले, हा योगायोग फारसा सुखद नाही.

आमच्याकडे तोवर चाकूचा मोठा गिऱ्हाईक लेखणीच होती. पेशव्यांच्या दफ्तरातला कारकून असो की एखाद्या परगण्याच्या कचेरीतला, मोडीच्या झरझर वळणासाठी बोरूचे टोक तिरपे व नेमके कापलेले असावे लागे, आणि त्यासाठी कलमदानात कलमतराश ठेवलेला असे. विलायतेत हंसाच्या पिसांचे टोक कापण्यासाठी असाच छोटा चाकू प्रत्येक लिहिणाऱ्यापाशी असे. इंग्रजी अमलात शेफिल्डचा चाकू मुंबईच्या बाजारात येऊन ठेपला तेव्हा त्याचे काम त्याला आधीच ठाऊक होते असे म्हणावयास हरकत नाही. पुढे पोलादी टाक आले, बोरू मागे पडला, पण चाकू मागे पडला नाही. पेन्सिलीला टोक काढणे, गाठोड्याची दोरी कापणे, सुपारी नव्हे तरी निदान फळ चिरणे, अशी किरकोळ कामे त्याने स्वतःकडे ओढून घेतली.

आता असा चाकू तयार कसा होई ते पाहू. कारण किमतीचे खरे मर्म तेथे आहे. पहिला हात लोहाराचा. मुशीच्या पोलादाची कांब तापवून तो पाते ऐरणीवर घडवी, नख अडकविण्याची खाच पाडी, पाते तप्त असतानाच पेढीचा शिक्का त्यावर उठवी, आणि शेवटी पाणी देऊन, पुन्हा हलक्या आचेवर धरून, पृष्ठभागावर गवती पिवळ्या रंगापासून जांभळ्याकडे झुकणारी छटा उमटली की नेमक्या क्षणी ते विझवी. हा क्षण चुकला तर पाते एक तर काचेसारखे तुटे किंवा धार धरीत नसे, आणि तो ओळखण्यास डोळ्यांवाचून दुसरे साधन नव्हते. दुसरा हात शिकलगाराचा. लाकडी घोडीवर पाय फाकून बसून, पुढे वाकून, तो आपल्यापासून दूर धावणाऱ्या मोठ्या दगडी चाकावर पाते घाशी. जाडी कोठे ठेवावयाची आणि कोठे उतरवावयाची हे त्याच्या बोटांना ठाऊक असे. तिसरा हात जोडणी करणाऱ्या कटलराचा, आणि खिशातल्या चाकूत हाच हात सर्वांत अवघड. पितळेचे पातळ पत्रे, त्यांवर मुठीचे शिंग वा हस्तिदंत, टोकांना धातूच्या टोप्या, पाठीवर पोलादी कमान, आणि या सर्वांतून आरपार जाणारे खिळे. पाते उघडले असता, मिटले असता आणि अर्धे उघडले असताही कमान पाठीशी सपाट बसली पाहिजे. खिळा घट्ट ठोकला तर पाते हलत नाही, सैल ठोकला तर डुलते, आणि या दोहोंमधले अंतर एखाद्या घावाचे. चांगला चाकू उघडताना बोटाला एकसारखा ताण लागतो आणि शेवटी टक् असा स्वच्छ आवाज येतो. शेफिल्डचे लोक याला चाकूची चाल आणि चाकूचा बोल म्हणत, आणि डोळे मिटून त्यावरून मालाची पारख करीत.

या तिघांतला कोणीही सहसा मोठ्या पेढीचा बांधील नोकर नसे. अंगणातल्या एखाद्या खोपटात भाड्याची जागा घेऊन, आपली हत्यारे आपणच आणून, नगावर काम करणारे हे छोटे उस्ताद, त्यांच्या बोलीत ‘लिटल मेस्टर’, पेढीकडून कच्चा माल घेत आणि तयार माल डझनाने मोजून देत. हा डझन किती नगांचा, हाही तंट्याचा विषय असे. १७८७ साली मास्टर कटलर असलेल्या जोनाथन वॉटकिन्सन नावाच्या गृहस्थाने डझनामागे तेरा नग घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा जोसेफ मॅदर या कानस घडविणाऱ्या कारागीर-शाहिराने त्याच्यावर असे झणझणीत गाणे रचले की गावाने ते भर नाटकगृहात म्हटल्याची आख्यायिका आहे. सनदेने ज्या श्रेणीला कारागिराचे रक्षण करण्यास नेमले होते तिचा मुख्यच तेरावा नग फुकट मागतो, ही गोष्ट मला त्या नॉरफोक चाकूच्या ७५ पात्यांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

शिकलगारांचे हाल तर याहून दारुण. काटे घासण्याचे काम कोरड्या चाकावर होई, चाकू-वस्तऱ्यांचे काही कोरड्यावर तर काही ओल्यावर. आणि कोरड्या चाकाची दगड-पोलादाची धूळ छातीत जाऊन माणूस खोकत खोकत मरे. डॉक्टर आर्नोल्ड नाइट यांनी या रोगाची चिकित्सा केली, १८४३ साली डॉक्टर जॉर्ज कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी त्यावर ग्रंथ लिहिला, आणि फ्रेडरिक एंगल्स यांनी नाइट यांच्या आधारे असे नमूद केले की कोरड्या चाकावर काम करणाऱ्याचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षांचे आणि ओल्या चाकावरचा क्वचितच ४५ ओलांडतो. धूळ ओढून नेणारे पंखे निघाले होते; पण ते बसविण्यास पुष्कळ शिकलगारांनीच विरोध केला, कारण माणसे अधिक जगली तर धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी आणखी उतरेल असे त्यांना भय होते. मरणावर मजुरीचा दर टिकवून धरणाऱ्या या हिशेबास अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यांच्या बाजूने पाहिले असता तो हिशेब चुकीचाही नव्हता.

राहता राहिला शिक्का. रॉजर्स घराण्याचा धंदा १६८२ पासूनचा. चांदणी आणि माल्टी क्रूस ही त्यांची खूण १७६४ साली नोंदविली गेली, आणि १८२२ साली चौथ्या जॉर्ज राजाचा राजाश्रय मिळाल्यावर तिचे तेज दुणावले. खोट्या मालाचा सुळसुळाट एवढा की या खुणेला खरोखरच अर्थ होता. ओतीव बिडाची पाती करून ती पोलादाची म्हणून खपविणारे लोक शेफिल्डातच होते, आणि त्यांना आळा घालण्यासाठी १८१९ साली कायदा करून घडीव पोलादाच्या मालालाच हातोड्याची खूण उमटविण्याची परवानगी द्यावी लागली. नावसाधर्म्याचा फायदा घेणारेही होते. रॉजर्स विरुद्ध नोविल हा १८४७ चा खटला ‘जे. रॉजर्स अँड सन्स’ हा छाप दुसऱ्याने मारण्यावरूनच झाला. पुढे जर्मनीतील झोलिंगेनचा माल इंग्रजी खुणा मिरवीत येऊ लागला, तेव्हा शेफिल्डने आरडाओरडा करून १८८७ चा मालावरील खुणांचा कायदा करविला, आणि परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे भाग पडले. या काळात रॉजर्सच्या चाकूला चार पैसे अधिक मोजणारा गिऱ्हाईक भोळा नव्हता; पाते बिडाचे नाही एवढ्या खात्रीचा तो विमाच उतरवीत होता.

त्या किमतीत मुठीचाही वाटा असे, आणि त्यात आपल्याकडच्या रानांचा संबंध येतो. शेफिल्डच्या चाकूवर खडबडीत पिंगट शिंगाची जी मूठ दिसते ती बहुधा हिंदुस्थानातल्या सांबराची. शिंगे दरसाल गळतात आणि ती गोळा करून बंदरावर आणली जात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे हस्तिदंतही एकोणिसाव्या शतकात झांजिबारहून मुंबईमार्गे पुष्कळ प्रमाणात लंडनला जाई. म्हणजे मुंबईच्या गोदीतून कच्चा माल गेला, शेफिल्डच्या खोपटात त्याची मूठ झाली, आणि तीच मूठ पात्यासह पुन्हा मुंबईच्या बाजारात दामदुपटीने विकावयास आली. वसाहतींच्या व्यापाराचा हा नेहमीचा शिरस्ता. येथे त्यावर अधिक लिहीत नाही.

उतरती कळा लागली ती बरीचशी जकातीने. जॉर्ज वॉस्टनहोमसारख्या पेढ्यांचा व्यापार अमेरिकेवर पोसलेला. १८९० च्या मॅकिन्ली जकातीने खिशातल्या चाकूंवर असा जबर कर बसविला की तो व्यापार पाहता पाहता आटला. झोलिंगेनने यंत्रे बसविली, शेफिल्डने हाताचा अभिमान धरला. १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली याने बंदुकीच्या नळ्या झिजतात म्हणून क्रोमियमयुक्त पोलादावर प्रयोग करता करता न गंजणारे पोलाद मिळविले, आणि येथेही हंट्समनच्या वेळचाच प्रकार घडला. न कापणारे चाकू करणारा माणूस अशी गावाने त्याची थट्टा केली. कालांतराने त्याच पोलादाने स्वयंपाकघरे जिंकली. कैरी चिरल्यावर काळेठिक्कर पडणारे पाते पुसून तेल लावून ठेवण्याची तसदी कोणाला हवी होती?

१९७१ साली रॉजर्स आणि वॉस्टनहोम या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचे एकत्रीकरण झाले आणि त्यानंतर त्यांच्या खुणा मालकामागून मालक बदलीत गेल्या. म्हणून आज चांदणी आणि क्रूस पाहून पैसे मोजणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की खूण तीच असली तरी तिच्यामागचा हात तो नाही. ते चाकू वाईट असतात असे मी म्हणत नाही. हात शेवटपर्यंत टिकला तो स्टॅन शॉ यांच्यासारख्या एखाद्याच्या ठिकाणी. १९२६ साली जन्मलेले हे गृहस्थ पोरवयात इबर्सन यांच्या कारखान्यात उमेदवारीला लागले आणि २०२१ साली निवर्तले तेव्हा खिशातल्या चाकूंच्या छोट्या उस्तादांतले अखेरचे म्हणून त्यांचा गौरव झाला. त्यांच्याकडे चाकू मागणाऱ्याला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि त्यांच्या चाकूला जी किंमत येई ती ऐकून वॉटकिन्सनच्या काळचा कारागीर चकितच झाला असता.

माझा कौल असा की धारेच्या दृष्टीने महाग चाकू आज किमतीला जागत नाही. १८१९ साली महाग चाकू घेणे शहाणपणाचे होते, कारण स्वस्त चाकूत बीड निघण्याचा धोका होता. आज मध्यम किमतीच्या चाकूतले पोलादही रॉजर्सच्या भट्टीला साधले नसते इतके एकसारखे असते, आणि भुकटी पोलादासारखे त्याहून वरचे प्रकार धार अधिक काळ टिकवतात हे खरे असले तरी तो लाभ टपाल फोडणाऱ्या आणि सफरचंद सोलणाऱ्या माणसाच्या अनुभवाला येण्याजोगा नसतो. फ्रान्सच्या साव्होय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० साली काढलेला लाकडी मुठीचा साधा चाकू अजूनही अल्प किमतीत मिळतो आणि कापण्यात तो पाचपट किमतीच्या चाकूला हार जात नाही. परंतु कमानीच्या त्या टक् आवाजामागे जे तास असतात त्यांचे मोल शेफिल्डने आपल्या वैभवाच्या काळात कधी दिले नाही; तेथे चाकू स्वस्त पडला तो छातीतल्या धुळीमुळे आणि तेराव्या नगामुळे. हाताने जोडलेल्या चाकूला आज जी अवाच्या सवा वाटणारी किंमत पडते तिच्यात जिवंत माणसाची पुरेशी मजुरी प्रथमच शिरलेली असते, आणि तेवढ्यापुरती ती मला जास्त वाटत नाही. नामांकित शिक्क्याच्या यंत्रनिर्मित चाकूला तीच किंमत द्यावी असे मात्र म्हणवत नाही.

तेव्हा ज्याला घ्यावयाचाच असेल त्याने पाते अर्धे उघडून कमान पाठीशी सपाट बसते का पाहावे, उघडे पाते बाजूंनी हलवून डुलते का पाहावे, आणि मग दुकानदाराला ही जोडणी कोणी केली असे विचारावे. त्याने पेढीचे नाव सांगितले तर ओपिनेल घ्यावा. माणसाचे सांगितले तर घासाघीस करू नये.